पर्गेटरी म्हणजे फेरपरीक्षा नाही हो!

कॅथलिक लोकांच्या पर्गेटरीबद्दल (म्हणजे मेल्यानंतर, स्वर्गात जाण्याआधी होणारी आत्म्याची शुद्धी) एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की पुण्य आणि पाप फिफ्टी-फिफ्टी असलेले लोक तिथे जातात आणि मग स्वर्ग की नरक ते तिथे ठरतं. म्हणजे काठावर नापास झालेल्यांची फेरपरीक्षाच! चर्चची शिकवण अशी नाहीच. १९९२ च्या कॅटेकिझममध्ये (चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक) स्पष्ट आहे की देवाच्या कृपेत मेलेला, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेला माणूसच तिथे जातो आणि त्याचा स्वर्ग पक्का असतो. तिथून नरकात कोणी जात नाही, निकाल मरतानाच लागलेला असतो.

मग माफी मिळाल्यावर शुद्धी कशाला? समजा तुम्ही ऑफिसात कोणाबद्दल खोटं पसरवलं, नंतर मनापासून कन्फेशन केलं, पाप माफ झालं, पण त्या माणसाचं नाव तर खराब झालंच ना, आणि तुमची चहाडीची खोड पण एका दिवसात जात नाही. हे जे उरतं त्याची सफाई म्हणजे पर्गेटरी, आणि ती जिवंतपणीच सुरू करता येते, प्रार्थना, दानधर्म, झालेलं नुकसान भरून देणं वगैरे.

आगीच्या खोलीची चित्रं पण जरा बाजूला ठेवा, पोप जॉन पॉल दुसरे १९९९ मध्ये म्हणाले होते की ही जागा नाही, अवस्था आहे. आणि पैसे भरून सुटका वगैरे? तो धंदा झाला होता हे खरंय (लाज वाटावी असाच), पण पैशाशी जोडलेले इंडल्जन्स (पापाच्या उरलेल्या शिक्षेतून चर्चने दिलेली सूट) पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्येच रद्द केले.