बिंदुचिन्हे आणि लेजंड (आर संगणकभाषा)

आर या संख्याशास्त्रीय भाषेत स्कॅटर प्लॉट (दोन मापांवरून बिंदू मांडणारा आलेख) काढताना प्रत्येक नोंदीसाठी उमटणारी खूण म्हणजे बिंदुचिन्ह, आणि कोणती खूण कशाची हे सांगणारी चौकट म्हणजे लेजंड. आरच्या मूळ आलेखनपद्धतीत (बेस ग्राफिक्स) ही दोन्ही स्वतंत्रपणे काढली जातात. जीजीप्लॉट२ या पॅकेजमध्ये (आरला जोडायच्या तयार फंक्शनांच्या संचात) लेजंड आलेखातूनच तयार होते. नेहमीच्या बहुतेक चुकांचे मूळ या फरकात आहे.

मूळ पद्धतीत खुणेचा आकार ‘पीसीएच’ला दिलेल्या क्रमांकाने ठरतो. त्यात ० ते १४ हे नुसत्या रेषांचे आकार, १५ ते २० भरीव, तर २१ ते २५ मध्ये कडा आणि आतला भाग वेगवेगळे रंगवता येतात. काहीच सांगितले नाही तर १, म्हणजे पोकळ वर्तुळ, उमटते. १६ आणि १९ दोन्ही भरीव वर्तुळे. पण १९ ला कडेची रेषाही असल्यामुळे ‘एलडब्ल्यूडी’ (रेषेची जाडी) वाढवले की ते फुगते, १६ फुगत नाही. २० हे १९ च्या दोन-तृतीयांश आकाराचे. आकारमान ‘सीईएक्स’ने, रंग ‘कॉल’ने आणि आतला रंग ‘बीजी’ने द्यायचा. १६ ला ‘बीजी’ दिल्यास काहीच घडत नाही, इशाराही मिळत नाही.

‘लेजंड’ फंक्शनला आलेखात काय काढले आहे याची माहिती नसते. जे हाती द्याल ते ते छापते, म्हणून आकार आणि रंग पुन्हा सांगावे लागतात. इथे ‘बीजी’चा अर्थ चौकटीची पार्श्वभूमी असा होतो, खुणेच्या आतल्या रंगासाठी ‘पीटी.बीजी’ वापरावे. ‘सीईएक्स’ने अक्षरेही मोठी होतात, फक्त खूण मोठी करायची तर ‘पीटी.सीईएक्स’. रेषा आणि बिंदू एकाच लेजंडमध्ये हवे असतील तर रेषेच्या नोंदीला ‘पीसीएच’ आणि बिंदूच्या नोंदीला ‘एलटीवाय’ (रेषेचा प्रकार) एनए, म्हणजे रिकामे, ठेवायचे. चौकट आलेखाबाहेर न्यायची असेल तर आधी ‘एमएआर’ने समास वाढवून ‘एक्सपीडी’ (आलेखाबाहेर काढण्याची मुभा) ट्रू करावे, नाहीतर ती कापली जाते.

सर्वांत घातक चूक क्रमाची, कारण ती दिसत नाही. अंटार्क्टिकाजवळच्या पामर द्वीपसमूहातील पेंग्विनांच्या ३४४ नोंदींचा प्रसिद्ध डेटा घ्या. प्रजातीचा फॅक्टर (ठरावीक गटांचा स्तंभ) ‘कॉल’ला दिला की रंग लेव्हल्सच्या (त्या गटांच्या ठरलेल्या यादीच्या) क्रमाने लागतात: अ‍ॅडेली १, चिनस्ट्रॅप २, जेंटू ३. डेटात मात्र अ‍ॅडेलीनंतर जेंटू येतात. लेजंडमध्ये नावे ‘युनिक’ने (डेटात जशी येतात त्या क्रमाने) काढून रंग १ ते ३ दिले, तर जेंटूच्या नावापुढे चिनस्ट्रॅपचा रंग बसतो आणि आलेख बिनबोभाट खोटे सांगतो. नावे नेहमी ‘लेव्हल्स’ने काढावीत. शिकवताना सर्रास वापरल्या जाणाऱ्या आयरिस (फुलांच्या मोजमापांच्या) डेटात दोन्ही क्रम सारखेच असल्याने ही सवय लागत नाही. आर ४.०.० (२०२०) पासून फाइलमधून वाचलेला मजकूर आपोआप फॅक्टर होत नाही. तसा स्तंभ ‘कॉल’ला दिल्यास रंगाचे नाव अवैध असल्याची त्रुटी येते. ती निदान दिसते तरी.

जीजीप्लॉट२मध्ये ‘एईएस’च्या (कोणता स्तंभ कशातून दाखवायचा हे सांगणाऱ्या फंक्शनच्या) आत लिहिलेले लेजंडमध्ये जाते, बाहेर लिहिलेले जात नाही. रंग ‘ब्लू’ असे आत लिहिले तर बिंदू लालसर होतात आणि लेजंडमध्ये ‘ब्लू’ नावाचा गट दिसतो. रंग आणि आकार एकाच स्तंभावर असतील तर दोन्ही लेजंड एक होतात, पण शीर्षक व लेबले तंतोतंत सारखी हवीत. एकाचेच शीर्षक बदलले की त्या वेगळ्या होतात. आपोआप मिळणारे आकार सहाच. सातव्या गटाचे बिंदू इशारा देऊन गाळले जातात, तेव्हा आकार स्वतः नेमून देणारे ‘स्केल_शेप_मॅन्युअल’ लागते. बिंदू फार पारदर्शक ठेवल्याने लेजंड फिकी पडली, तर ‘गाइड्स’मध्ये ‘ओव्हरराइड.एईएस’ने फक्त तिथला अल्फा (अपारदर्शकता) १ करता येतो. ‘फिल’ (आतला रंग) आणि ‘शेप’ (आकार) वेगवेगळ्या स्तंभांवर असताना ‘फिल’च्या लेजंडमधल्या सगळ्या खुणा काळ्या दिसतात, कारण तिथे १९ हा न भरता येणारा आकार येतो, यावरही हाच उपाय, शेप २१ करून.

लेबले मराठीत असतील तर नेहमीच्या ‘पीडीएफ’ फंक्शनने अक्षरांच्या जागी टिंबे उमटतात. तिथे ‘कैरो_पीडीएफ’ वापरून देवनागरी फॉन्टचे नाव द्यावे, आणि जोडाक्षरे नीट जुळली आहेत का हे फाइल उघडून पाहावे.