काइट लँडबोर्डिंगचा पहिला पतंग : फिक्स्ड ब्रिडल की डीपॉवर?

हवा भरलेल्या चार चाकांच्या फळीवर पाय अडकवून, मोठ्या पतंगाच्या ओढीवर मैदानात किंवा ओहोटीनंतरच्या घट्ट वाळूवर धावण्याच्या खेळाला काइट लँडबोर्डिंग म्हणतात. नवशिक्याची नजर आधी फळीवर जाते, कारण डोळ्यांत भरते ती फळीच. परंतु फळीची निवड चुकली तर फार तर प्रवास खडबडीत होतो. पतंगाची निवड चुकली तर हाड मोडू शकते. म्हणून हा लेख मुख्यतः पतंगाविषयी आहे, आणि त्यातही अशा दोन प्रकारांविषयी, ज्यांच्यात पहिल्या खरेदीच्या वेळी हमखास गल्लत होते : फिक्स्ड ब्रिडल आणि डीपॉवर.

गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोन्ही पतंग कापडी असतात, दोन्हींत काडी किंवा कामटी नसते, आणि समोरच्या तोंडातून वारा आत शिरून कप्पे फुगले की दोघांनाही विमानाच्या पंखासारखा आकार येतो. डोमिना जाल्बर्ट यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या पॅराफॉइलच्या कल्पनेचेच हे दोन वंशज आहेत. पिशवीतून काढून जमिनीवर पसरलेले हे पतंग शेजारी शेजारी ठेवले, तर पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यांच्यात रंगापलीकडे काही फरक दिसणार नाही. फरक आहे तो कण्णीत.

कण्णी, इंग्रजीत ब्रिडल, म्हणजे पतंग आणि उडवायची दोरी यांना जोडणारे धागे. पतंग वाऱ्याला किती तिरका उभा राहील हे त्यांच्यावरून ठरते. साधा कागदी पतंग उडवणाऱ्यालाही माहीत असते की कण्णीचा वरचा धागा किंचित आखूड किंवा लांब केला की पतंगाचा स्वभावच पालटतो. फिक्स्ड ब्रिडल पतंगात हा तिरकेपणा बनवतानाच कायमचा बांधलेला असतो आणि पतंग हवेत असताना तो बदलता येत नाही. डीपॉवर पतंगाच्या कण्णीत मात्र छोट्या कप्प्या, म्हणजे पुली, बसवलेल्या असतात, आणि उडवणाऱ्याने हातातला बार, म्हणजे आडवी दांडी, पुढे ढकलला किंवा मागे ओढला की त्या कप्प्यांमधून धागे सरकून पतंगाचा तिरकेपणा आणि ओढही हवेतल्या हवेत कमी-जास्त होते. बाकीचे सारे फरक या एका गोष्टीतून निघतात.

फिक्स्ड ब्रिडल पतंग बहुतेक वेळा दोन हँडलांवर आणि चार दोऱ्यांवर उडवला जातो. प्रत्येक हँडलच्या वरच्या टोकाला ओढीची दोरी आणि खालच्या टोकाला ब्रेकची दोरी असते. ब्रेकची दोरी पतंगाच्या मागच्या काठाला जाते. चार दोऱ्यांनी पतंग आवरण्याची कल्पना तशी जुनीच आहे. ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते, आणि त्यांचे पतंगही चार दोऱ्यांनी वळवले जात. आजच्या हँडलांना मनगटपट्टे जोडलेले असतात, त्यांना काइट किलर म्हणतात. हे पट्टे ब्रेकच्या दोऱ्यांना बांधलेले असल्यामुळे हँडल हातातून सोडून दिली की ओढीच्या दोऱ्या सैल पडतात, सारा ताण ब्रेकवर येतो आणि पतंग फडफडत जमिनीवर उतरतो.

डीपॉवर पतंगाची मांडणी वेगळी आहे. पुढच्या दोऱ्या बारच्या मधल्या भोकातून खाली येऊन कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, एका कडीने अडकतात आणि ओढीचा बहुतांश भार हाताऐवजी कमरेवर जातो. मागच्या दोऱ्या बारच्या दोन टोकांना असतात. बार स्वतःकडे ओढला की ओढ वाढते, दूर ढकलला की कमी होते. कडीवर क्विक रिलीज असतो. तो दाबला की पतंग हार्नेसपासून सुटतो, सुरक्षेच्या दोरीवर लोंबकळत राहतो आणि त्याची ओढ जवळपास संपते.

येथे एक सापळा आहे. शिकाऊ उमेदवारांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन किंवा तीन दोऱ्यांच्या छोट्या ट्रेनर पतंगांनाही बार असतो, आणि काही फिक्स्ड ब्रिडल पतंगही बारवर उडवता येतात. त्यामुळे ‘बार आहे म्हणजे डीपॉवर आहे’ हा समज चुकीचा आहे. ट्रेनरचा बार पुढे-मागे केल्याने ओढीत काहीच बदल होत नाही. तो फक्त डावी-उजवीकडे वळवण्यासाठी असतो. डीपॉवर ओळखायचा असेल तर बारच्या मधोमध भोक आहे का, त्यातून दोरी जाते का आणि कण्णीत कप्प्या आहेत का, एवढे पाहावे.

दुसरी गल्लत आकाराच्या आकड्याची आहे आणि तिचे परिणाम अधिक गंभीर आहेत. दोन्ही प्रकारांवर क्षेत्रफळ चौरस मीटरमध्येच लिहिलेले असते, परंतु ते आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. डीपॉवर पतंगाला कमी तिरकेपणातही न कोसळता उडत राहायचे असल्यामुळे त्याच्या पंखाचा आकार तशा बेताने काढलेला असतो आणि तो कमानीसारखा अधिक वाकलेलाही असतो. परिणामी तेवढ्याच कापडात तो कमी ओढतो. ढोबळ मानाने एका फिक्स्ड ब्रिडल पतंगाइतकी ओढ मिळवायला दीड ते दोन पट आकाराचा डीपॉवर लागतो. मित्राच्या ८ मीटरच्या डीपॉवरवर दोन दिवस रमलेला माणूस ‘मला ८ मीटर झेपतो’ असे समजून ८ मीटरचा फिक्स्ड ब्रिडल घेतो तेव्हा त्याच्या हाती एक पूर्णपणे वेगळे जनावर येते.

आता नावाकडे वळू. ‘डीपॉवर’ हा शब्द ऐकताच मनात सुरक्षिततेची भावना येते, आणि माझ्या मते या खेळातली सर्वात महाग पडणारी भावना तीच आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : ताशी २० किलोमीटरचा वारा ३० वर गेला तर वेग दीडपट होतो, पण ओढ सव्वादोन पट. असा झोत आला असता डीपॉवर उडवणारा बार पुढे ढकलतो आणि झोत बऱ्याच अंशी निघून जातो. फिक्स्ड ब्रिडलवाल्यापाशी तशी सोय नाही. त्याने पतंग वाऱ्याच्या खिडकीच्या (पतंग ज्या भागात उडू शकतो त्या आकाशाच्या भागाच्या) काठाला, म्हणजे जिथे ओढ सर्वात कमी असते तिथे, न्यावा किंवा ब्रेक लावावा. ब्रेकचीही एक गंमत आहे : तो थोडासा लावला तर विमानाच्या फ्लॅपप्रमाणे ओढ आधी वाढते, आणि पूर्ण ओढला तरच पतंग थांबतो. अर्धवट घाबरून अर्धवट ब्रेक लावणारा म्हणूनच अधिक वेगाने पुढे फेकला जातो. झाडे, टेकड्या आणि इमारती ओलांडून येणारा जमिनीवरचा वारा समुद्रावरच्या वाऱ्यापेक्षा अधिक तुटक असतो, त्यामुळे हा मुद्दा लँडबोर्डिंगमध्ये विशेष महत्त्वाचा आहे आणि तो निःसंशय डीपॉवरच्या बाजूने जातो.

तरीही हे चित्र पूर्ण नाही. पहिली गोष्ट म्हणजे बार पूर्ण ढकलला तरी ओढ शून्य होत नाही. पतंग हवेत असतो आणि कमरेला बांधलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे बार ढकलण्याचा उपयोग दोऱ्या ताठ असतानाच होतो. झोत येऊन गेल्यावर वारा क्षणभर पडला की दोऱ्या सैल होतात, पतंग डोक्यावरून मागे जातो, कप्पे मिटतात, आणि पुन्हा फुगतो तेव्हा तो कदाचित खिडकीच्या नेमक्या मध्यभागी, सर्वाधिक ओढीच्या जागी असतो. मोठ्या डीपॉवरच्या बाबतीत हा क्षण फार वाईट असतो.

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. घाबरलेला माणूस हातातली वस्तू स्वतःकडे ओढतो. ते विचारपूर्वक होत नाही, शरीरच तसे करते. डीपॉवरचा बार स्वतःकडे ओढणे म्हणजे ओढ वाढवणे, म्हणजे नवशिक्याची पहिली प्रतिक्रिया नेमकी उलट्या दिशेची असते. त्यातून सावरून बार सोडला तर ओढ कमी होते, परंतु सुटका मात्र होत नाही. त्यासाठी पुढे हात नेऊन क्विक रिलीज शोधून दाबावा लागतो, आणि तोही जमिनीवरून फरपटत असताना. हँडलांवर मुठी आवळून बसण्याचा मोह तेवढाच असतो, पण सुटकेची कृती एकच आहे : दोन्ही हात उघडणे. पाण्यावर या दोन कृतींमधला वेळ पाणी पिण्यात जातो. जमिनीवर तो खडकांवर जाऊ शकतो.

एकट्याने सराव करणाऱ्यासाठी आणखी एक व्यावहारिक फरक आहे, आणि खरेदीच्या वेळी त्याचा विचार क्वचितच होतो. हँडलांवरचा पतंग ब्रेक ओढून मागच्या काठावर उतरवता येतो आणि हँडल जमिनीत रोवलेल्या खुंटीला ब्रेकच्या बाजूने अडकवली की तो तिथेच पडून राहतो. पुन्हा उडवायचा झाला की ब्रेक सैल सोडायचे. ही उतरवण्याची आणि उठवण्याची क्रिया नवशिक्याला एका दुपारी वीस-पंचवीस वेळा करावी लागते. डीपॉवर एकट्याने उतरवण्याच्या रीतीही आहेत, पण त्या शिकाव्या लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत दुसऱ्या टोकाला पतंग धरायला जाणता माणूस असलेला बरा.

म्हणून माझा सल्ला असा की पहिला पतंग हँडलांवरचा, चार दोऱ्यांचा, ३ मीटरच्या आसपासचा फिक्स्ड ब्रिडल असावा, आणि त्याचा पंख लांबट व निमुळता असण्यापेक्षा बुटका असावा, कारण लांबट पंख वेगाने पळतात, अधिक ओढतात आणि चुकीला कमी क्षमा करतात. सर्वसाधारण वजनाच्या प्रौढाला ताशी २० ते ३० किलोमीटरच्या स्थिर वाऱ्यात एवढा पतंग उभ्या जागी शिकायला पुरतो आणि कठीण, सपाट जमिनीवर फळीही ओढतो. हे अनेकांना खरे वाटत नाही, कारण पाण्यावरच्या खेळात याहून कितीतरी मोठे पतंग लागतात. पण घट्ट जमिनीवर चाकांना विरोध फारच कमी असतो, आणि फळी एकदा वेग घेऊ लागली की पतंगाला लागणारा वारा स्वतःच वाढतो. उंच गवत आणि मऊ वाळू याला अपवाद आहेत. तिथे पतंग वाढवण्यापेक्षा जागा बदलावी. हार्नेस या टप्प्यावर नकोच. हात दुखू लागले म्हणजे दिवसाचा सराव पुरे झाला, ही खूण सुरुवातीला उपयोगीच पडते.

ज्याच्या आवाक्यात फक्त झोताचा, तुटक वारा आहे, त्याला मी हा सल्ला तितक्या ठामपणे देणार नाही. त्याने छोट्या फिक्स्ड ब्रिडलवर खिडकी ओळखायला शिकावे आणि फळीवर पाय ठेवण्याआधी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली डीपॉवरकडे वळावे. समुद्रावरचे, पंपाने हवा भरायचे पतंगही डीपॉवरच असतात आणि जमिनीवर ते चालतात, परंतु खडबडीत जमिनीवर त्यांची फुगलेली नळी घासून फाटते. कापडी पतंगाला ती चिंता नाही.

वापरलेला डीपॉवर घ्यायचा असल्यास कापडापेक्षा बार अधिक बारकाईने पाहावा. काइटबोर्डिंगच्या क्विक रिलीजसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये आले. त्याआधीच्या बारांची यंत्रणा कंपनीगणिक वेगळी असते, आणि वाळूने अडकलेला रिलीज भार असताना सुटेलच असे नाही. कमरेला अडकवून, कोणीतरी समोरून जोराने ओढत असताना तो प्रत्यक्ष दाबून पाहावा. कण्णीतल्या कप्प्या फिरतात का, हेही तपासावे. फिक्स्ड ब्रिडलमध्ये तपासण्यासारखे कमी असते : शिवण, कापडातून हवा गळते का, आणि चारही दोऱ्यांची लांबी. ओढीच्या दोऱ्यांवर अधिक भार येत असल्याने त्या काळाने ताणल्या जातात, ब्रेकच्या दोऱ्या तुलनेने आखूड पडतात, आणि पतंग मागे रेलून उडतो. विकणारा अशा वेळी वाऱ्याला दोष देतो. चारही टोके एका खुंटीला बांधून दोऱ्या ताणून मोजल्या की खरे काय ते कळते.

फळीबद्दल थोडक्यात सांगायचे तर सुमारे एक मीटर लांबीची, ८ किंवा ९ इंचाच्या टायरांची साधी माउंटनबोर्ड पुरते. पायपट्टे पडताना पाय निघेल इतपतच आवळावेत, आणि फळीला शरीराशी बांधणारी दोरी जमिनीवर वापरू नये, कारण पडल्यावर तीच फळी पाठोपाठ येऊन आदळते. हेल्मेट, गुडघ्यांचे आणि कोपरांचे पॅड फळीच्या आधी घ्यावेत. पतंग उभ्या जागी उडवतानाही माणूस तोंडावर पडतो.