इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजचे लॉग बघायची खिडकी) ती २०८९ वाली पिवळी निशाणी आली कुठून

फोर्टमध्ये एका जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर माझा एक क्लायंट आहे, सीए फर्म, तीसेक माणसं, दोन डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसातल्या यूजर-पासवर्डची डिरेक्टरी सांभाळणारे सर्व्हर, थोडक्यात डीसी. तिथल्या सर्व्हरवर डिरेक्टरी सर्व्हिसचा लॉग उघडला की रोज सकाळी पाच पिवळे त्रिकोण ओळीने बसलेले, पाचही २०८९ नंबरचे, आणि मजकूर एकच, की या पार्टिशनचा (म्हणजे डिरेक्टरीच्या एका भागाचा) बॅकअप अमुक इतक्या दिवसांत घेतलेला नाही. साहेबांचं म्हणणं, "अहो, बॅकअप तर रोज रात्री होतो, मला मेल येतो, हिरवं टिकमार्क असतं." मेल मीही बघितला, खरंच येतो. म्हणजे सर्व्हर म्हणतोय बॅकअप नाही, सॉफ्टवेअर म्हणतंय आहे, आणि गंमत म्हणजे आपापल्या जागी दोघंही खरं बोलतायत. हे कसं, ते कळायला जरा मागे जावं लागतं, चांगलं पंचवीस-तीस वर्षं.

विंडोज एनटी ४ च्या जमान्यात एक मुख्य सर्व्हर असायचा, पीडीसी म्हणजे प्रायमरी डोमेन कंट्रोलर, आणि त्याच्या हाताखाली बीडीसी. बीडीसी म्हणजे बॅकअप डोमेन कंट्रोलर. अर्धा घोळ या नावातच आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. बीडीसीवर नुसती वाचायची कॉपी असायची, पासवर्ड बदलणं, यूजर बनवणं सगळं पीडीसीवरच, आणि पीडीसी गेला की बीडीसीला बढती द्यायची आणि कामाला लागायचं. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून सर्व्हर जुळवणाऱ्या आमच्या पिढीच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली की दुसरा सर्व्हर आहे म्हणजे बॅकअप आहे, टेप वगैरे नाही फिरवली तरी चालतं.

मग फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आलं, सोबत अॅक्टिव्ह डिरेक्टरी, आणि सगळे डीसी एका पंगतीला बसले, कुठल्याही सर्व्हरवर बदल करा, तो बाकीच्यांकडे आपोआप पोचणार. सोय मोठी झाली पण चूकही तितक्याच तत्परतेने पोचायला लागली. कोणी चुकून अख्खं अकाउंट्स डिपार्टमेंटचं फोल्डर उडवलं की ते उडवणंसुद्धा सगळीकडे जाणार, विंडोज २००० मध्ये एकाच ऑफिसातल्या दुसऱ्या डीसीला पाच मिनिटांनी खबर जायची, २००३ मध्ये ते पंधरा सेकंदांवर आलं. म्हणजे दुसरा डीसी आता बॅकअप राहिलाच नव्हता, तो आरसा झाला होता. नाव बदललं, काम बदललं, सवय मात्र बीडीसीचीच राहिली.

आता खरी मेख. सगळे सर्व्हर बरोबरीचे असले की उडवलेली नोंद लगेच पुसून टाकता येत नाही. समजा एक डीसी नाशिकच्या ब्रांचला आहे आणि त्याची लाइन आठवडाभर बंद, इकडे मुंबईत एक यूजर उडवला आणि खुणाही मिटवल्या, तर लाइन आल्यावर नाशिकवाला म्हणणार, अरे तुमच्याकडे हा माणूस दिसत नाही, हा घ्या, आणि मेलेला माणूस परत जिवंत. म्हणून उडवलेल्या नोंदीवर एक खूण ठेवतात, तिला टूमस्टोन म्हणतात, म्हणजे थडग्याचा दगड. आपल्याकडे कोणी हे बनवलं असतं तर सरळ सुतक म्हटलं असतं, कारण हिशोब अगदी तोच आहे, ठरावीक दिवस पाळायचं, तेवढ्यात लांबच्या नातेवाइकांपर्यंत बातमी पोचते, मग सुतक फिटलं, नोंद कायमची गेली. हे दिवस सुरुवातीला ६० होते.

आणि बॅकअपचा संबंध इथे येतो. बॅकअप म्हणजे एका अर्थी बातमी न पोचलेला नातेवाईकच, ज्या दिवशी घेतला त्या दिवसात गोठलेला. सुतकाच्या आत परत आणला तर बाकीचे सर्व्हर त्याला मधल्या काळात कोण गेलं ते सांगतात. सुतक फिटल्यावर आणला तर सांगणारं कोणी उरलेलं नसतं, आणि तो जुने मुडदे घेऊन घरात फिरणार. म्हणून टूमस्टोनच्या मुदतीपेक्षा जुना बॅकअप चालत नाही, टेप कितीही व्यवस्थित वाचता येत असली तरी.

मी हे पुस्तकात वाचून नाही शिकलो. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस, ते सगळ्यांनाच आठवतंय. कलिन्याला एका ऑफिसचा सर्व्हर तळमजल्यावर होता, एकच डीसी, तो गेला पाण्यात. तिसऱ्या दिवशी आम्ही चिखल काढत आत गेलो, मालकांनी मोठ्या विश्वासाने वरच्या कपाटातून टेप काढून दिली, प्लास्टिकच्या डबीत, कोरडी ठणठणीत, लेबलवर पेनाने तारीख लिहिलेली, एप्रिलची. त्यानंतर कोणी टेप बदललीच नव्हती. ६० दिवसांचा हिशोब लावला आणि मी गप्प बसलो. पुढचे तीन दिवस नवीन डोमेन, नवीन यूजर, एकेक पीसी परत जोडत बसलो होतो.

योगायोग बघा, त्याच वर्षी मार्चमध्ये विंडोज सर्व्हर २००३ चा सर्व्हिस पॅक १ आला होता आणि २०८९ ही सूचना त्यातच पहिल्यांदा आली. आमच्या त्या क्लायंटकडे पॅक टाकलेलाच नव्हता, आणि टाकला असता तरी लॉग कोण बघत होतं म्हणा.

त्या पॅकमध्ये दोन गोष्टी झाल्या. एक, नव्याने बनणाऱ्या फॉरेस्टसाठी (एकाच डिरेक्टरीतल्या डोमेनचा अख्खा गोतावळा) सुतक ६० वरून १८० दिवसांवर नेलं. जुन्यांना मात्र हात लावला नाही, त्यामुळे विंडोज २००० पासून अपग्रेड होत आलेल्या डोमेनमध्ये आजही ती किंमत रिकामी सापडते, आणि रिकामी म्हणजे ६०. आणखी कहर म्हणजे नंतर आलेल्या २००३ आर२ वर जे फॉरेस्ट बनले त्यांना परत ६० च मिळाले, ते नंतर जाऊन सरळ झालं. दुसरी गोष्ट म्हणजे ही सूचना. टूमस्टोनच्या मुदतीच्या निम्मे दिवस बॅकअपशिवाय गेले की ती वाजायला लागते, म्हणजे कुठे ३० दिवसांनी तर कुठे ९० दिवसांनी, आणि मग बॅकअप होईपर्यंत रोज. लोक विचारतात की त्या ब्रांचला महिन्यात ओरडतो आणि इथे तीन महिने गप्प कसा, त्याचं उत्तर हे.

पण तिला बॅकअप झालाय हे कळतं कसं, तर सगळी गोम तिथे आहे. ती ना टेप बघते, ना नॅसवरची, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेज डब्यातली, फाइल. डिरेक्टरीच्या प्रत्येक पार्टिशनच्या माथ्यावर डीएसए सिग्नेचर नावाची एक नोंद असते, आणि बॅकअप रीतसर मार्गाने, म्हणजे डिरेक्टरीला सांगून झाला, की डिरेक्टरी स्वतः ती नोंद बदलते. पोस्टातला तारखेचा शिक्का समजा. २०८९ फक्त त्या शिक्क्याची तारीख बघते. शिक्का ताजा असेल तर गप्प, टेप नंतर उंदरांनी खाल्ली तरी गप्प. आणि शिक्का जुना असेल तर ओरडणार, मग तुमच्याकडे पन्नास कॉप्या का असेनात. शिवाय हा शिक्का रेप्लिकेट होतो, म्हणजे बाकीच्या डीसींकडे आपोआप पोचतो, त्यामुळे पार्टिशन ज्याच्यावर आहे अशा कुठल्याही एका डीसीचा बॅकअप झाला की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप, पुण्यातल्या डीसीचा झाला तर मुंबईवाला पण गप्प. आणि पार्टिशन वेगवेगळी मोजली जातात, डीएनएसची दोन पार्टिशन डीएनएस नसलेल्या डीसीवर नसतातच, त्याचाच बॅकअप घेत राहिलात तर तीन निशाण्या जातात आणि दोन राहतात, मग माणूस डोकं खाजवत बसतो.

२००५ मध्ये हे ठीक होतं कारण तेव्हा बहुतेक जण विंडोजसोबत येणारं एनटीबॅकअप वापरायचे, सिस्टम स्टेटवर (डिरेक्टरी धरून सर्व्हरचा गाभा) टिक, चालू, शिक्का आपोआप. २००८ मध्ये एनटीबॅकअप काढूनच टाकलं आणि त्याच्या जागी जे आलं त्याला टेप समजतच नाही, आणि पहिल्या आवृत्तीत सिस्टम स्टेट घ्यायला खिडकीत बटणच नव्हतं, वॅडमिनची कमांड हाताने टाइप करायची, वर साइज काही शे एमबीवरून एकदम काही जीबीवर. ज्यांच्याकडे टेप ड्राइव्ह होते त्यातल्या अनेकांनी तिथेच नाद सोडला. तेवढ्यात व्हर्च्युअल मशिनं आली आणि सगळ्यांना वाटलं चला सुटलो, आता अख्ख्या मशीनचा फोटोच काढायचा. फोटो बाहेरून काढला तर आतल्या डिरेक्टरीला काही कळत नाही, शिक्का बसत नाही. आणि असला फोटो परत लावणं हा वेगळाच ताप होता, प्रत्येक बदलाला डीसी चढता आकडा देतो, तो जुन्या आकड्यांवर जायचा, बाकीचे त्याचे नवे बदल घ्यायचेच नाहीत कारण त्यांच्या मते ते आकडे होऊन गेलेले, त्याला यूएसएन रोलबॅक म्हणतात, लॉगमध्ये २०९५ दिसतो. त्याच्यावर इलाज २०१२ च्या सर्व्हरमध्ये आला, जनरेशन आयडी, म्हणजे मशीन मागे नेलं की डीसीला ते कळवणारी खूण, तीही हायपरवायझरने (व्हर्च्युअल मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) साथ दिली तरच.

दुसरा डीसी म्हणजे बॅकअप हा समज मोठ्यांचाही असतो बरं का. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला झोपवलं, आपल्या जेएनपीटीवरचं त्यांच्या ग्रुपचं टर्मिनलही त्यात अडकलं होतं, त्या कंपनीचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर एकमेकांची कॉपी होते, आणि एका फटक्यात सगळे गेले. वाचला फक्त घानामधला एक, तोसुद्धा तिथली वीज गेली होती म्हणून. लोडशेडिंगने कंपनी वाचवली, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

असो, फोर्टवर परत. रेपअॅडमिन या कमांडला शोबॅकअप विचारलं तर पाचही पार्टिशनवर शिक्क्याची तारीख दोन वर्षांपूर्वीची, आणि शिक्का मारणाऱ्या सर्व्हरच्या जागी नावच नाही, आकड्या-अक्षरांची लांब माळ. म्हणजे ज्याने शेवटचा रीतसर बॅकअप दिला तो डीसी कधीच निवृत्त झालाय. मग आतून व्हीएसएस रायटरची यादी काढली (बॅकअपच्या वेळी आतल्या प्रोग्रामना तयार करणारे हे मधले दुवे), डिरेक्टरीचा एनटीडीएस रायटर तिथे होता, स्टेबल, एरर नाही. रायटर धडधाकट आहे पण त्याला कोणी हाकच मारत नाहीये. बॅकअप सॉफ्टवेअरच्या जॉबमध्ये अॅप्लिकेशनला सांगून बॅकअप घ्यायचं ऑप्शन चालू होतं, पण त्यासाठी दिलेल्या अकाउंटचा पासवर्ड मधे कोणीतरी बदललेला, आणि खाली अजून एक टिक, जमलं नाही तर साधी कॉपी घ्या आणि पुढे चला. तर ते दोन वर्षं साधी कॉपी घेत होतं आणि हिरवं टिकमार्क पाठवत होतं. लॉगिन जमलं नाही ही ओळ रिपोर्टमध्ये होती, चौथ्या पानावर.

पासवर्ड भरला, ती खालची टिक काढली, दुपारीच जॉब चालवला. लॉगमध्ये १९१७ आला, शॅडो कॉपी बॅकअप यशस्वी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता साहेबांचा फोन, "ते पाच पिवळे आज दिसत नाहीत, सर्व्हर चालू आहे ना?"