केंद्र वेगळं, ग्रुप वेगळा: दारू सोडायला नेमकं कुठं जायचं?

"आपल्या साताऱ्यात दारू सोडवतात ते कुठं हो?" असं विचारलं की एक जण सांगतो, "केंद्रात टाका." दुसरा सांगतो, "एएच्या मिटिंगला न्या." ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. मग कोणी मिटिंगच्या दारात उभं राहून डॉक्टर किती वाजता बसतात ते विचारतं, तर कोणी महिनाभरानं केंद्रातून माणूस घरी आणला की आता सुटली म्हणून निर्धास्त होतं. यातलं दुसरं फार महागात जातं.

केंद्र ही उपचाराची जागा. तिथं डॉक्टर, समुपदेशक, गोळ्या-औषधं असतात, काही आठवड्यांचा मुक्काम आणि बहुधा फी असते. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था या कामासाठी ओळखली जाते. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून आहे, आपल्याकडून तिकडेही माणसं जातात.

ग्रुप म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, बोलताना नुसतं 'एए'. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूनं पार कामातून गेलेले, एकमेकांशी बोलत बोलत प्यायचे थांबले. तिथून हे सुरू झालं. इथं उपचार होत नाहीत. फी नाही, अर्ज नाही, आधार कार्ड नाही. दारू सोडायची इच्छा हवी, बास. जागा म्हणाल तर एखादा शाळेचा वर्ग, चर्चची खोली, असं काहीही. एकेक जण उठतो, "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक," म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. मधे कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. शेवटी पिशवी फिरते. ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, त्यातून भाडं आणि चहा भागतो. बाहेरच्याची देणगी घेत नाहीत, मग तो आमदार असो की कारखान्याचा चेअरमन. दारूशिवाय वर्ष काढलेल्याचा 'बर्थडे' होतो, आणि पन्नाशीचा गडी टाळ्या ऐकून लाजतो.

मग आधी कुठं? ते शरीराला विचारायचं. सकाळी उठल्यावर हात थरथरतो, चहाची बशी वाजते आणि एक घोट पोटात गेला की थरथर थांबते, असं असेल तर आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात, माणूस भलतंच बडबडतो, ताप चढतो. हे जिवावर बेतू शकतं. "खोलीत कोंडून ठेवा, उतरेल आपोआप," म्हणणाऱ्या भाऊबंदांना हे माहीत नसतं. सिव्हिल गाठा किंवा मानसोपचारतज्ज्ञ. मिटिंगमधली माणसं अशा वेळी सोबत येतील, पण गोळी देणार नाहीत आणि देऊही नये.

अशी थरथर नसेल, आजवर कधी फिट आलेली नसेल, पण पगार झाला की पावलं बारकडेच वळत असतील, तर सरळ ग्रुपला जाऊन बसायला हरकत नाही. आणि केंद्रातून आलेल्यानं तर पहिल्याच आठवड्यात जावं. केंद्रात दारू समोर नसते. घरी आल्यावर तोच नाका, तेच मित्र, तीच संध्याकाळ. ग्रुपचं खरं काम तेव्हा असतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "रात्री गाडी पाठवतो, चौघं जण येऊन उचलून नेतील," असं फोनवर सांगणाऱ्या केंद्रापासून लांब राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूचं व्यसनही येतं. संमतीशिवाय दाखल करायला डॉक्टरांची तपासणी आणि ठरलेली पद्धत लागते. भाजीत गुपचूप औषध कालवणं तर त्याहून वाईट. हे औषध बहुधा डायसल्फिरम असतं, दारू सोडवण्यासाठी देतात ते. त्यावर दारू पडली की रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो.

माळ घालून सुटलेली माणसंही आपल्याकडं गावोगाव आहेत. मला त्यात नवल वाटत नाही. दिंडीतली माणसं रोज भेटतात, रोज विचारपूस करतात, म्हणजे त्याला ग्रुप मिळालेलाच असतो.

ग्रुप शोधायचा कसा? केंद्रातल्या समाजसेवकाला विचारा, त्यांना वार आणि वेळ माहीत असते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी टोल-फ्री हेल्पलाइन आहे. एएच्या स्वतःच्या हेल्पलाइनवर फोन केला तर जवळची मिटिंग सांगतात. मिटिंगच्या जागा बदलतात, म्हणून निघण्याआधी खात्री करून घ्या. 'ओपन' मिटिंगला घरचेही बसू शकतात, 'क्लोज्ड' फक्त पिणाऱ्यांसाठी. ओळखीचं कोणी दिसेल ही भीती छोट्या गावात असतेच. दिसलंच तर तोही त्याच कामाला आलेला असतो. तरी धीर होत नसेल तर कराडकरानं साताऱ्याला यावं, सातारकरानं पुणं गाठावं. एसटी आहेच.

घरच्यांसाठी १९५१ पासून अल-ॲनॉन नावाचा वेगळा ग्रुप आहे. तिथं जायला नवऱ्यानं दारू सोडलेली असावी अशी अट नाही. तो पीत असताना बायकोनं एकटीनं गेलं तरी चालतं, आणि त्याला सांगायलाच हवं असंही नाही.