बैठक यशस्वी झाली, हे ठरवलं कुणी?

समजा, तुर्भे स्टोअरच्या वस्तीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीसाठी कुटुंबाची बैठक भरली आहे. बाप दारूच्या आहारी गेलेला, आई दोन ठिकाणी कामाला, मुलगी शाळा सोडून दिवसभर रस्त्यावर. तिला बालगृहात पाठवायचं की घरच्यांनीच काही सोय लावायची, हे ठरवायला साताऱ्याहून आजी आणि मामा आले आहेत, दिव्याहून आत्या आली आहे, आणि तिला रोज जेवू घालणारी शेजारची काकूही येऊन बसली आहे. कोपऱ्यात दोन कर्मचारी एकच फॉर्म वेगवेगळा भरताहेत. प्रश्न आहे : 'निर्णयात आईचा सहभाग होता का?' एकीने 'हो' लिहिलं, कारण आई तीनदा बोलली. दुसरीने 'नाही' लिहिलं, कारण तिन्ही वेळा ती 'दादा म्हणेल तसं' एवढंच म्हणाली.

दोघींपैकी कुणीही खोटं लिहिलेलं नाही. पण अशा बैठकांचा मुलांना खरंच उपयोग होतो का, याचा निकाल शेवटी अशाच हो-नाहींच्या गठ्ठ्यावरून लागतो. या कामात मोजण्याचं साधन म्हणजे ती कर्मचारीच. आणि मोजायचं कसं हे तिला शिकवावं लागतं, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या सर्वांत शेवटी लक्षात येते, आली तर.

कुटुंब बैठकीची कल्पना न्यूझीलंडची. सरकारी यंत्रणा आमची मुलं घरातून उचलते, परक्यांकडे किंवा संस्थेत ठेवते आणि आजी-आजोबा, काका-मावश्यांना विचारतही नाही, अशी तिथल्या माओरी समाजाची तक्रार होती. १९८९ साली तिथे कायदा झाला आणि विस्तारित कुटुंबाची बैठक हा मुलाबाबतच्या निर्णयाचा अधिकृत भाग बनला. तिचा क्रम ठरलेला आहे. समन्वयक आधी नातेवाईक शोधून काढतो, एकेकाला भेटून तयार करतो. बैठकीत कर्मचारी आपल्याकडची माहिती मांडतात. मग ते चक्क खोलीबाहेर जातात आणि कुटुंब एकटं बसून योजना आखतं. शेवटी सगळे पुन्हा जमतात, योजना मुलासाठी सुरक्षित आहे ना ते तपासतात. पुढे ही पद्धत ब्रिटन, स्वीडन, नेदरलँड्स, अमेरिका अशी पसरली आणि जाईल तिथे थोडी थोडी बदलत गेली.

आपल्याकडे ही बैठक कायद्याने सक्तीची नाही. तिला लागणारी जमीन मात्र आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानला आहे, मुलाचं म्हणणं ऐकण्याचं तत्त्व आहे, आणि अध्यक्ष व चार सदस्यांची बाल कल्याण समिती निर्णय देण्याआधी सामाजिक तपासणी अहवाल मागवते. तो १५ दिवसांत पूर्ण करायचा असतो. मूल नातेवाइकांकडे राहिलं तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली दरमहा ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व, म्हणजे आर्थिक मदत, मिळू शकतं, शिवाय राज्याची बालसंगोपन योजना आहेच. म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे कार्यकर्ते नातेवाइकांशी बोलतातच; फक्त ते सगळे एका वेळी, एका ठिकाणी, ठरलेल्या क्रमाने बसत नाहीत.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. ही भावकीची बैठक नव्हे, आणि जातपंचायत तर मुळीच नव्हे. घरातल्याच माणसावर पॉक्सोचा गुन्हा असेल तर 'घरातलं घरात मिटवू' असं म्हणायला तिथे जागा नाही.

आता मुद्द्याचं. या बैठकांचा उपयोग होतो का? जगभरातली उत्तरं एकमेकांशी भांडतात. २०१६ मध्ये डच संशोधकांनी १४ तुलनात्मक अभ्यास एकत्र तपासले. एकूण हिशेबात बैठकांनी ना मुलांची हेळसांड कमी झाली, ना त्यांना घराबाहेर ठेवण्याचं प्रमाण. पण जुनी कागदपत्रं चाळून मागे वळून केलेल्या अभ्यासांत बैठका चांगल्या दिसत होत्या, आणि आधी आखणी करून पुढे मुलांचा मागोवा घेत केलेल्या अभ्यासांत तो फायदा विरून जात होता. कार्यक्रम तोच, पण मोजायची तऱ्हा बदलली की उत्तर बदलतं.

स्वीडनचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो. बैठक झालेली ९७ मुलं आणि नेहमीच्या पद्धतीने चौकशी झालेली १४२ मुलं, दोन्ही गटांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. बैठक झालेल्या मुलांबद्दल यंत्रणेकडे पुन्हा तक्रारी जास्त आल्या. झालं, कार्यक्रम फसला! पण त्यात एक नोंद आहे : या तक्रारी करणाऱ्यांत विस्तारित कुटुंबातले लोक जास्त होते. आता हे अपयश म्हणायचं, की बैठकीमुळे आजी-मामांची नजर मुलावर राहिली आणि त्यांनी वेळेत फोन केला, असं म्हणायचं? संशोधकांनी मात्र ते यश म्हणून खपवलं नाही. मुलांवर बैठकीचा परिणाम फारच थोडा दिसतो, असाच त्यांचा निष्कर्ष होता. तरीही हा प्रश्न विचारता आला, तो 'तक्रार कुणी केली' हा रकाना कुणीतरी नीट भरला म्हणून. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर आलेल्या फोनपुढे नुसतं 'तक्रार प्राप्त' एवढंच लिहिलं असेल, तर पुढचा सगळा विचार तिथेच खुंटतो.

उलट बाजूला इंग्लंड आहे. २०२३ मध्ये तिथल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रकरण न्यायालयात जाण्याआधीच्या टप्प्यावरची, अडीच हजारांहून जास्त मुलं. कोणत्या कुटुंबाला बैठकीसाठी पाठवायचं हे यदृच्छेने, म्हणजे सोडत काढावी तसं, ठरवलं होतं. पाठवलेल्या गटात ५९ टक्के मुलांची प्रकरणं न्यायालयात गेली, न पाठवलेल्या गटात ७२ टक्के. वर्षभरानंतर सरकारी देखभालीत असलेल्या मुलांचं प्रमाण ३६ विरुद्ध ४५ टक्के होतं.

हे 'यदृच्छेने' प्रकरण कर्मचाऱ्यांच्या गळी उतरवणं प्रशिक्षणातला सर्वांत अवघड भाग असावा. कुठल्या कुटुंबाला बैठक 'लागू पडेल' हे त्यांना अनुभवाने कळतं, निदान तसं वाटतं, आणि म्हणून समंजस मामा असलेली कुटुंबं बैठकीला जातात आणि भांडकुदळ घरं मागे राहतात. मग बैठकीची मुलं सुखरूप राहिली ती बैठकीमुळे की मामामुळे? सिडकोच्या घरांच्या सोडतीत आपल्याला नाव लागलं नाही तर हळहळ वाटते, पण ओळखीच्याला घर दिलं असा संशय येत नाही; समन्वयक कमी आणि कुटुंबं जास्त असताना इथेही सोडतच सर्वांत न्याय्य ठरते. हे पटलेली कर्मचारीच कुटुंब कोणत्या गटात जाणार हे लिहिलेला बंद लिफाफा उघडण्याआधी त्यात डोकावत नाही. तातडीच्या धोक्यातलं मूल अर्थातच सोडतीत घालायचं नसतं, आणि ती रेषाही आधीच लिहून ठेवावी लागते.

पुन्हा त्या दोन फॉर्मांकडे. दोन निरीक्षकांचं किती जमतं, हे साध्या टक्केवारीत मोजलं तर फसायला होतं. समजा, दोघींनी ५० बैठका पाहिल्या. 'योजना कुटुंबाने स्वतः ठरवली का?' या प्रश्नाला ४० बैठकांत दोघींनी 'हो' म्हटलं, २ बैठकांत दोघींनी 'नाही'. उरलेल्या ८ मध्ये मतभेद, चार वेळा एकीचा 'हो' आणि चार वेळा दुसरीचा. म्हणजे ५० पैकी ४२ वेळा जमलं, ८४ टक्के! पण दोघींचाही हात 'हो'कडेच जातो. प्रत्येकीने ४४ वेळा 'हो' लिहिलं आहे. बैठक न बघताच दोघींनी त्याच सवयीने फॉर्म भरले असते तरी योगायोगानेच सुमारे ७९ टक्के उत्तरं जुळली असती. योगायोगापलीकडे मिळवायला २१ टक्के शिल्लक होते, त्यातले जेमतेम ५ मिळाले. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हाच हिशेब सूत्रात बांधला. त्याला कॅपा म्हणतात : पूर्ण एकमताला १, निव्वळ योगायोगाला ०. आपल्या उदाहरणात तो ०.२४ येतो. ८४ टक्क्यांचं तेज एकदम उतरतं.

हा कॅपा वाढवायचा कसा? माणसं हुशार करून नव्हे, प्रश्न धारदार करून. 'सहभाग होता का' ऐवजी 'आईने स्वतःहून एखादा पर्याय मांडला का', 'कुणाच्या सूचनेला तिने नाही म्हटलं का', 'योजनेतलं पहिलं कलम कुणाच्या तोंडून आलं' असं विचारायचं. मग प्रशिक्षणात लुटुपुटूची बैठक भरवायची आणि तिचं चित्रीकरण सगळ्यांना दाखवायचं. खऱ्या कुटुंबाचं चित्रीकरण इथे चालणार नाही. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ची मनाई आहे. प्रत्येकीने एकटीने फॉर्म भरायचा, आणि वाद त्यानंतर. सासऱ्यांसमोर सून गप्प बसली, पण तिने आधी घरभेटीत जे सांगितलं होतं तेच सासऱ्यांनी मांडलं, तर तो पर्याय कुणाचा? डोक्यावरचा पदर सारखा करत 'हं' म्हणणं हा होकार की विषय टाळणं? अशा वादात जो नियम ठरतो तो उदाहरणासह पुस्तिकेत चढवायचा. परदेशी पुस्तिका भाषांतरित करून आणली तर तिच्यात ही सून सापडत नाही.

पद्धत पाळली गेली का, हेही नोंदवावं लागतं. कर्मचारी खोलीबाहेर गेले का? किती मिनिटं? दहा बाय दहाच्या खोलीत घेतलेल्या बैठकीत बाहेर म्हणजे गल्लीत, आणि गल्लीत अख्खी वस्ती कान लावून उभी. कार्यालयात घेतली तर मध्येच कुणीतरी सहीसाठी दार ढकलतं. एकांत मिळालाच नसेल तर बैठक 'अयशस्वी' म्हणणं चूक, कारण ती बैठक झालीच नाही. हा रकाना नसेल तर कल्पना वाईट होती की अंमलबजावणी, हे नंतर कुणालाही सांगता येणार नाही.

मग पुढचा मागोवा. भाड्याच्या घरांचे करार अकरा महिन्यांचे. वर्षाने चौकशीला जावं तर कुटुंब तुर्भ्याहून कामोठ्याला गेलेलं असतं, म्हणजे ठाणे जिल्हा सोडून रायगडमध्ये, दुसऱ्या समितीच्या हद्दीत. जी घरं सापडत नाहीत तीच बहुधा जास्त विस्कटलेली असतात. फक्त सापडलेल्यांचा हिशेब मांडला की निकाल आपोआप गोड येतो. म्हणून पहिल्याच दिवशी मामाचा नंबर, गावचा पत्ता, काकूचा नंबर असे तीन-चार धागे संमतीने लिहून घेणं, हाही प्रशिक्षणातलाच धडा. नंबर वेगळ्या वहीत, निरीक्षणांच्या फॉर्मवर फक्त सांकेतिक क्रमांक.

समाधान विचारणारी प्रश्नावली सगळ्यांना आवडते आणि तिच्यातून सर्वांत कमी कळतं. जिच्या अहवालावर आपलं अनुदान अवलंबून आहे तिनेच 'बैठक कशी वाटली?' विचारलं, तर 'लई बरं झालं मॅडम' याखेरीज दुसरं उत्तर येईल कसं? हे प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारायला हवेत, शक्यतो घराजवळ न येता.

तसाच धोका कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही आहे. हे फॉर्म वरिष्ठांच्या टेबलावर जाऊन कामाचा शेरा ठरवू लागले, तर त्या दिवसापासून सगळ्या आया बैठकीत पर्याय मांडू लागतील. कक्षातले बरेचसे लोक कंत्राटी, करार नव्याने होणार की नाही याची टांगती तलवार डोक्यावर. त्यांना प्रामाणिक 'नाही' लिहायला लावायचं तर मूल्यमापनाचे कागद आणि सेवापुस्तक यांच्यात भिंत हवी, आणि ती आहे हे लेखी सांगायला हवं. शिवाय माणसं बदलत राहतात, जुन्यांचेही निकष नकळत सैल होतात. त्यामुळे ठरावीक काळाने तीच चित्रफीत पुन्हा दाखवून कॅपा पुन्हा काढायचा, नव्याने आलेल्यांसह.

आणि ती नऊ वर्षांची मुलगी? तिच्यासाठीचा फॉर्म सर्वांत छोटा, आणि तो भरायचं प्रशिक्षण सर्वांत लांबलचक. 'तुला बैठक आवडली का?' असं विचारायचं नाही. मुलं मोठ्यांना आवडेल तेच सांगतात. कोण कोण आलं होतं, कोण काय म्हणालं, आता तू कुठे राहणार असं ठरलं, ते तुला कुणी सांगितलं, तुझं काही सांगायचं राहिलं का, असं एकेक करून, मामा जवळ नसताना विचारायचं. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहायचं आणि त्याचा अर्थ लावायचं काम, निदान त्या दिवशी तरी, बाजूला ठेवायचं.