प्लायोमेट्रिक्स: तिहेरी उडीपासून फुटबॉलपर्यंत

बेडूकउड्या आणि लंगडी नागपूर-कामठीच्या फुटबॉलपटूंना नव्या नाहीत. या उड्यांमागचे शास्त्र, म्हणजेच प्लायोमेट्रिक्स, मात्र फुटबॉलच्या मैदानावर जन्मलेले नाही. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की तिहेरी उडीच्या खेळाडूंना घडवत होते. पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी त्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि तो झेलून लगेच उसळी घ्यावी लागते, हे ओळखून १९६०च्या दशकात त्यांनी उंचावरून खाली उडी मारून तत्क्षणी वर उसळण्याचा व्यायाम रूढ केला. ताणलेला स्नायू विलंब न होता आकुंचन पावला, तर ताणाच्या वेळी स्नायूत व त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेत साठलेली ऊर्जा उसळीला मिळते. क्षणभर थांबले की ती वाया जाते. या पद्धतीला ते ‘आघात पद्धत’ म्हणत आणि ती आधीच भरपूर ताकद कमावलेल्या खेळाडूंसाठीच होती.

१९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत धावपटू व्हॅलेरी बोर्झोव्ह यांनी १०० व २०० मीटरची सुवर्णपदके जिंकल्यावर सोव्हिएत सरावाविषयी पाश्चात्त्यांचे कुतूहल वाढले. १९७५मध्ये अमेरिकेचे माजी धावपटू फ्रेड विल्ट यांनी अशा उड्यांच्या सरावाला ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव दिले. नाव जगभर पसरले, पण आधी ताकद कमावण्याची अट बहुधा मागेच राहिली.

फुटबॉलमध्ये हेडर, १० ते ३० मीटरची धाव आणि झटकन दिशा बदलणे निर्णायक ठरते, म्हणून संशोधक या खेळाकडे वळले. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या डियालो व सहकाऱ्यांच्या अभ्यासात १२-१३ वर्षांच्या मुलांची उडी व छोटी धाव १० आठवड्यांच्या सरावाने सुधारली. त्या वयाला अर्थातच हलक्या उड्याच योग्य. पुढे ‘फिफा ११+’ या सुमारे २० मिनिटांच्या वॉर्मअपमध्येही उड्या आल्या, पण तेथे हेतू दुखापत टाळण्याचा होता.

नागपूरकरांनी विशेष लक्ष द्यावे असा अभ्यास इटलीतील फ्रांको इम्पेलिझेरी व सहकाऱ्यांचा, २००८चा आहे. चार आठवडे काही हौशी खेळाडूंनी वाळूवर आणि काहींनी गवतावर उड्या मारल्या. धावेतील सुधारणा दोन्हीकडे सारखीच होती, वाळूवर स्नायू कमी दुखले, तर आधी झटकन गुडघे वाकवून मारायच्या उडीत गवतावरचे खेळाडू सरस ठरले. उन्हाळ्यात आपली काळी माती दगडासारखी टणक होते, तेव्हा सुरुवातीचे आठवडे वाळूच्या हौदात काढून स्पर्धा जवळ आल्यावर गवतावर येणे शहाणपणाचे वाटते.