पार्श्वभूमी : ‘स्किन कलर’ची बाटली आणि खान्देशी चेहरे

जळगावहून अजिंठा साधारण ६० किलोमीटर. तिथल्या भिंतींवर गोरी, गव्हाळ, काळीसावळी माणसं शेजारीशेजारी बसली आहेत, आणि ती निघाली गेरू, पिवळी माती, काजळी, चुना असल्या सामानातून. पण आजच्या पेंटरचा हात तिथून आलेला नाही. तो आला तैलरंगांबरोबर, १८५७ साली मुंबईत कलाशाळा निघाल्यानंतर. विलायती पुस्तकांतलं सूत्र होतं : पुष्कळ पांढरा, थोडा तांबडा, थोडा यलो ऑकर (पिवळ्या मातीचा रंग). त्यांच्या चेहऱ्यांना ते बरोबरच होतं.

घोळ झाला तो शब्दाचा. त्या मिश्रणाला ‘फ्लेश टिंट’, म्हणजे कातडीचा रंग, म्हणत. पुढे तेच ट्यूबमध्ये, बाटलीत तयार मिळू लागलं. अमेरिकेतल्या एका खडूच्या कंपनीने १९६२ मध्ये आपल्या ‘फ्लेश’चं नाव ‘पीच’ केलं. आपल्याकडे मात्र सावळं पोरही फिक्या गुलाबी खडूला ‘स्किन कलर’च म्हणतं. लग्नाच्या बायोडेटात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे चार रकाने करणाऱ्या भाषेने बाटलीपुढे एवढं गप्प का बसावं? (अहिराणीत काळ्याला ‘काया’ म्हणतात. तिथे तर देह आणि रंग एकाच शब्दात मावले.)

धुळे-जळगावकडे ही बाटली रुजवली ती एन्लार्जमेंटच्या धंद्याने. पासपोर्ट फोटोवरून वारलेल्या वडिलांचं मोठं चित्र करायचं, वर हार. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे खरा रंग पेंटरला ठाऊक नाही, आणि घरच्यांची एकच सूचना : ‘जरा उजळ घ्या.’ जन्मभर कपाशीच्या वावरात राबलेला माणूस भिंतीवर गुलाबी होऊन बसे. गिऱ्हाइकाचं ऐकलं, यात पेंटरची चूक नाही, असं काही जण म्हणतात. चूक नसेल, सवय मात्र लागली.

ती सवय इथे नडते, कारण सावळा रंग गुलाबीत काळा घालून होत नाही. काळा आणि यलो ऑकर एकत्र आले की हिरवट छटा येते, चेहरा आजारी दिसतो. नुसता पांढरा वाढवला तर खडू फासल्यासारखा. जुने हात बर्न्ट सिएनापासून (तांबूस तपकिरी) सुरुवात करतात, सावलीत अल्ट्रामरीन (गडद निळा) घालतात, पांढऱ्याला शेवटी हात लावतात. कपाळ किंचित पिवळं, नाक-गाल तांबूस, दाढीची जागा निळसर. सावळ्या कातडीवरची चकाकी तर बाहेर बसवलं की आभाळाचा निळा घेऊन येते. बाटलीत ती कुठून असणार?

पुढे फ्लेक्सने पेंटरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या गेल्या आणि एन्लार्जमेंटही गेली. आता चित्रासाठी व्हॉट्सअॅपवर फोटो येतो, तो बऱ्याचदा मोबाइलनेच आधी गोरा केलेला. म्हणून काही पेंटर अजून सांगतात, फोटो राहू द्या, माणसाला अर्धा तास ओट्यावर आणून बसवा.